बारा बाय अठराचा बाप

१ ऑगस्ट, सकाळी ११
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढे कुणी माझ्यावर लिहायला बसलं तर त्याची सोय असावी.

बातमी : पल्लवीला, म्हणजे माझ्या मुलीला, पुण्यात फार्मसीला सीट लागली. घराण्यात पहिलीच. (माझे बारावीचे दोन विषय राहिले ते तेव्हाच्या परीक्षापद्धतीमुळे.) फीचा आकडा ऐकून बायको, कल्पना, पोळपाट हातात धरून तशीच उभी राहिली. पण सरकारी शिष्यवृत्ती आहे. घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला जोडला की बरीचशी फी माफ. ३१ तारखेच्या आत कॉलेजात दाखला द्यायचा, नाहीतर पूर्ण फी. तीही नसेल तर सीट दुसऱ्याला. पूर्ण फीला कल्पनाची खानावळ भांड्यांसकट विकली तरी पुरायची नाही.

कल्पना म्हणाली, मीच जाते पौडला, तहसील कचेरीत, डबे पोचवून झाले की. मी म्हणालो, सरकारी कामाला ओळख लागते, ते माझ्यावर सोड. तीन दिवसांत दाखला हातात.

संकल्प : उद्या आठला पौड.

२ ऑगस्ट, दुपारी १
गेलो नाही. आठला निघायचं म्हणजे सातला उठायचं, हे काल कुणी बोललं नाही.

४ ऑगस्ट
पौड उद्यावर. आज जास्त महत्त्वाचं काम निघालं. शेजारच्या किशोरचा मुलगा तिसऱ्या झटक्यात दहावी पास झाला तरी आमच्या माण गावच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. आणि माझ्या पल्लवीला काहीच नाही? दाखला काय, फायलीत जाऊन बसणार. फ्लेक्स लोक बघतात.

जुनैदच्या दुकानात गेलो. फ्लेक्स, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. डिझाइनला चार तास लागले. साइज बारा बाय अठरा फूट. मजकूर : 'कु. पल्लवी हिची फार्मसीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : युवा उद्योजक, सुप्रसिद्ध डेव्हलपर कैलासशेठ.' वय सत्तेचाळीस आहे, पण उद्योजकाचं वय कोण मोजतं. डेव्हलपर म्हणजे मी प्लॉटिंगची कामं बघतो. गेली चार वर्षं एकही व्यवहार झालेला नाही, कारण मार्केट बसलंय. जुनैदनं माझं पोट आत घेतलं, गळ्यातली चेन जाड केली आणि मागे इंटरनेटवरची एक पांढरी मोठी गाडी उभी केली. गाडीला टेकलोय असं वाटतं.

मग जुनैद जरा चाचरत म्हणाला, शेठ, ह्याच कॉम्प्युटरवर तुमचा उत्पन्नाचा अर्ज पन भरायचाय, त्यात काय टाकू? मी म्हणालो, त्यात गरीब टाक. तो म्हणाला, दोन्ही फायली एकाच फोल्डरमधी हायेत, बघा बुवा. मी म्हणालो, मग फोल्डर वेगळं कर. एवढी साधी गोष्ट आजकालच्या पोरांना सुचत नाही.

५ ऑगस्ट
पल्लवीनं मोबाइलवर डिझाइन पाहिलं. म्हणाली, पप्पा, माझा फोटो हॉलतिकिटावरच्या एवढा आलाय. तिला डिझाइनमधला बॅलन्स समजावून सांगितला. ती म्हणाली, दाखल्याचं काय झालं? मुलींना कौतुक घेता येत नाही.

७ ऑगस्ट
पौडला जाऊन आलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल, चेन. खिडकीवरच्या साहेबांना नाव सांगितलं. त्यांनी परत विचारलं. गर्दीत ऐकू गेलं नसणार. जुनैदनं भरून दिलेला अर्ज घेतला. आता तलाठी मॅडम गावात येऊन चौकशी करतील, त्यांचा अहवाल आला की दाखला. म्हणजे काम झालंच.

येताना चौघा मित्रांना मिसळ दिली. एक प्लेट पल्लवीला लागलेल्या सीटची आणि दुसरी दाखल्याची.

९ ऑगस्ट
फ्लेक्स लागला! आयटीवाल्यांच्या बसेस तिथंच वळतात, त्यामुळे सिग्नलशिवाय सगळे थांबून बघतात. मी समोरच्या टपरीवर पाच चहा घेतले. फ्लेक्सवर माझी छाती जवळजवळ चार फूट भरते. डोळ्यांत पाणी आलं. बाप म्हणून आयुष्यात काहीतरी केलं.

१२ ऑगस्ट, दुपारी ४
तलाठी मॅडम आल्या होत्या. घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण नंतर घरात विपर्यास होणार आहे.

मॅडमनी चौकात विचारलं, कैलास कुठे राहतात? टपरीवाल्यानं बोट वर केलं आणि म्हणाला, ह्ये काय, हितं वर हायेत. मॅडमनी पूर्ण वाचलं. मोबाइलमध्ये फोटो काढला. मग घरी आल्या. मी बनियनवर पडलो होतो, कल्पना चपात्या लाटत होती, कंपनीची दहा-बारा पोरं जेवत होती आणि भांडी घासायला येणाऱ्या सारजाबाई दाराशी होत्या.

मॅडमनी विचारलं, उत्पन्न किती? मी पाठ केलेलं सांगितलं, अत्यल्प. त्यांनी फोटो दाखवला. मी म्हणालो, ती जाहिरात असते. गाडी कुणाची? इंटरनेटची. इथपर्यंत उत्तम चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, गळ्यातली चेन सोन्याची आहे का?

आता चेन नकली, बेन्टेक्सची आहे हे मला आणि दुकानदाराला माहीत. पण दहा-बारा पोरं घास हातात धरून माझ्याकडे बघतायत. सारजाबाई बघतायत. माणूस काय उत्तर देणार? मी म्हणालो, दहा तोळे, वडिलोपार्जित.

मॅडमनी लिहून घेतलं. कल्पनाच्या हातातली चपाती तव्यावर जळाली, जी एरवी कधी जळत नाही.

१४ ऑगस्ट
जुनैदनं ऑनलाइन बघून सांगितलं : अर्ज नामंजूर. शेरा, 'अर्जदार व्यावसायिक असून वाहन व सोने आढळले.' वाचताना क्षणभर बरं वाटलं. सरकारी कागदावर व्यावसायिक.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. पहिल्या रांगेत खुर्ची नव्हती. उन्हामुळे घरी आलो.

१७ ऑगस्ट
 कॉलेजला न्यायच्या सामानाची यादी पल्लवीनं भिंतीला लावली होती, ती काढली. कांदे चिरत बसते आणि आईला म्हणाली म्हणे, कंपनीच्या कॅन्टीनला माणसं हवीत, जाऊ का?  हे ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. जेवण नीट गेलं नाही, दोनच चपात्या.

संकल्प : उद्यापासून वरच्या लेव्हलला फोन.

१८ ऑगस्ट
एका नेत्याच्या पीएला सात फोन. तो मीटिंगमध्ये असणार. सातही वेळा.

२० ऑगस्ट
उपाय सापडला! दुसरा फ्लेक्स. 'जाहीर खुलासा : कैलासशेठ हे गरीब आहेत.' साइज तीच. जुनैदनं हात जोडले. म्हणाला, शेठ, ह्यात पन तुमी शेठ लिव्हलंय. मी म्हणालो, मग लोकांना कळणार कसं की कोण गरीब आहे?

२२ ऑगस्ट, संध्याकाळी ६
कल्पना आज डबे पोचवून, मला न सांगता, एसटीनं पौडला गेली. मॅडमना भेटली. काय बोलली ते सांगत नाही. आली ती तारीख घेऊन. २७ला चावडीवर पंचनामा. गावातल्या पाच जणांनी लिहून द्यायचं की याचा धंदा नाही, गाडी नाही, सोनं नाही. तर फेरविचार. मी १८ला पेरलेल्या सात फोनांचंच हे फळ. तिला तसं सांगितलं. ती पातेलं आपटत म्हणाली, व्हय, लई मोठ्ठी ओळख तुमची.

२५ ऑगस्ट
काळजी लागलीय. पाच माणसं मिळायची कशी? गावात मला सगळे शेठ म्हणतात. माझ्या तोंडावर, मॅडमसमोर, ह्याच्याकडे काही नाही म्हणायला जीभ रेटणार आहे का कुणाची? माझी प्रतिष्ठा पोरीच्या आड येतेय. मोठेपणाचा हा तोटा कुणी सांगत नाही.

पाच जणांना एकेकट्यानं भेटून समजावायचं ठरवलं. उद्या.

२७ ऑगस्ट, दुपारी २
चावडीवर एकेचाळीस माणसं आली.

मी कुणालाच भेटलो नव्हतो. नुसती बातमी लागली म्हणून आली. किशोर कामावर रजा टाकून आला. ज्यांना मिसळ दिली ते चौघे सर्वांत पुढे. मॅडम म्हणाल्या, पाच पुरेत. मागून कुणीतरी ओरडलं, आमाला बी बोलायचंय.

किशोर म्हणाला, ह्यानं चार वर्सांत एक प्लॉट सुदिक इकलेला न्हाई. टपरीवाला म्हणाला, गाडी कुटली, ह्यो पौडला बी माझ्या स्कूटरवर जातोय. जुनैदनं पेनड्राइव्हच आणला होता, त्यात गाडीचा मूळ फोटो. सारजाबाईंनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, ह्येच्या खिशात कल्पी घालंल तेवढंच आसतंय बघा, आन् ती लई सोसती.

मग चेन. मॅडमनी काढायला लावली. मानेवर हिरवा पट्टा निघाला. मॅडमनी तोही लिहिला.

एकानंही जीभ चावली नाही. काहींना वेळ कमी पडला.

पल्लवी मागे उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. कल्पना मात्र पुढे येऊन म्हणाली, बास झालं, पाच सह्या झाल्या, आता घरी जा समदी. तेवढं एक बरं वाटलं.

२९ ऑगस्ट
दाखला मिळाला. पल्लवीनं आईला मिठी मारली, मग मलाही मारली. शिष्यवृत्ती होणार. मी पंचनाम्याला हजर राहिलो हे विसरता येणार नाही.

दाखल्यावर लिहिलंय : आईचं उत्पन्न, खानावळ, एवढं एवढं. वडिलांचं उत्पन्न, निरंक. काहीच नाही याला सरकारकडे इतका भारदस्त शब्द आहे हे माहीत नव्हतं.

फ्लेक्स उतरवला. कल्पनानं मागच्या चुलीवरच्या पत्र्यावर टाकला, तिथं गळत होतं. चेहरा आतल्या बाजूनं.

३० ऑगस्ट, संध्याकाळी ७
पल्लवी कॉलेजचा फॉर्म भरत होती. उद्या सकाळी नऊला ती आणि आई दाखला द्यायला निघणार. एका रकान्यापाशी थांबली आणि मला विचारलं, पप्पा, वडिलांचा व्यवसाय काय लिहू? डेव्हलपर म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं.

कल्पना म्हणाली, उद्या पाटं पाचला उठून कांदं चिरा, डबं भरू लागा. मग ती 'खानावळीत मदतनीस' लिवील. खोटं लिवायचं न्हाई आता. पल्लवी म्हणाली, मी तो रकाना सकाळपर्यंत मोकळा ठेवते, पप्पा. आणि हसली. खूप दिवसांनी हसली.

मदतनीस. वाईट नाही. पुढे व्यवस्थापक. खानावळीची साखळी, हिंजवडी, जांबे, माण. नवा माणूस झालो आहे. अलार्म लावला, पाच, पाच पाच आणि पाच दहाचा.

३१ ऑगस्ट, सकाळी ९.४०
तिन्ही अलार्म वाजून गेले, मोबाइल म्हणतो.

घरात कुणी नाही. कांदे चिरून झालेत. ओट्यावर माझा चहा झाकून ठेवलाय, फॉर्मची झेरॉक्स खाली दाबलीय. रकाना भरलेला आहे. पल्लवीचं अक्षर सुंदर आहे. निरंक.