मिठाच्या होडीची बातमी

प्रिय नाना,

काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी तुमच्या साप्ताहिकातला वसंता आला. "ताई, नानांवर एक लेख द्या. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी तुमची लेक, माझ्याच डोळ्यांत अजून आलेलं नाही, नाना, दुसऱ्यांच्या कुठून आणू? म्हणून लेख राहू दिला आणि तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावरचा अंक तुम्ही पाहिला नाहीत, बरं झालं. तुम्ही काढलेलं, तुम्ही वाढवलेलं साप्ताहिक! पहिल्याच पानावर, मोठ्या टाइपात, 'कोळीवाड्यात वृद्ध संपादकाचा गूढ मृत्यू'. खाली दारूबंदी, हातभट्टी, आणि नाना तिथे कशासाठी गेले होते, असा सवाल.

कशासाठी गेला होतात, हे वसंताला ठाऊक नव्हतं? त्याच्यासमोरच तर तुम्ही छत्री शोधत होतात!

फुलाबाई कोळिणीच्या होडीतून दारू येते, अशी बातमी त्यानं जुळवून ठेवली होती. तुम्ही विचारलंत, "तिच्या दारात जाऊन आलास?"

"नाना, सगळा बाजार बोलतोय."

"मग बाजारालाच छापू दे."

"तोवर कल्याणवाले छापून मोकळे होतील हो!"

"होऊ देत."

ज्याच्याविषयी छापायचं, त्याच्या घरी जाऊन आधी वाचून दाखवायचं, हा तुमचा नियम. लोक चेष्टा करायचे. "नाना आले, बातमीचं आमंत्रण घेऊन! अक्षता कुठायत?" तुम्हीही हसायचात, आणि ओट्यावर बसून वाचायला लागायचात.

छत्री तुम्हाला सापडली नाही. तसेच निघालात. एवढ्या उन्हात कशाला हो? माझ्यासाठी तरी थांबायचंत. मी शाळेतून येतच होते.

परतताना धक्क्याजवळ बसलात, ते उठला नाहीत. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. फुलाबाईच्या मुलांनी उचलून घरी आणलं तुम्हाला. वसंतानं खांदा दिला आणि स्मशानातूनच छापखान्यात गेला. आपलं दार दिवसभर उघडं होतं, नाना. मला कुणी काही विचारलं नाही.

आता मी वाण्याकडे गेले की बोलणं थांबतं. साखर बांधून मिळते, नजर मिळत नाही. वाचनालयाबाहेरचा फळा, ज्यावर तुम्ही रोज सकाळी खडूनं बातम्या लिहायचात, तो कोराच आहे. मी त्याच्यासमोरून शाळेत जाते. काही वाटत नाही. हेच विचित्र वाटतं.

दहाव्याला फुलाबाई आली. आत येईना, पायरीवरच बसली. "बाय, होरीत मिठाच्या गोणी व्हत्या. नानांनी सोता ताडपत्री उचलून बघितलान. बोलले, फुलाबाय, हेच छापतो. आनि गेले..." मग पदर तोंडाला लावला. "आता बाजारात गिऱ्हाईक म्हावरा उचलतंय नि हसतंय. बाटली कुठं लपवलीस गो, म्हनतंय."

ती रडत होती आणि मी तिच्या मासळीच्या पाटीकडे बघत होते. पाटी भरलेलीच होती.

आज वसंताला मी ते सांगितलं. त्यानं चहा बशीत ओतला. "मिठाची बातमी? ताई, मीठ कोण वाचतं? नानांवर लिहा, अंक हातोहात जाईल." वाईट नाही तो. तुमच्या हाताखालीच शिकला. कुठे सुटला तुमच्या हातून?

लेख मी देणार नाही. पण तुमची शेवटची बातमी अर्धी राहिली आहे, ती पुरी करीन. उद्या शाळेआधी कोळीवाड्यात जाईन. फुलाबाईला आधी वाचून दाखवीन. तिनं हो म्हटलं की वाचनालयाच्या फळ्यावर लिहीन, 'फुलाबाईंच्या होडीत मीठ होतं. नानांनी ते स्वतः पाहिलं होतं.' एवढंच. तुमचं कौतुक नाही. दुपारी कुणी पुसलं, तर परवा पुन्हा लिहीन. खडू काय, मास्तरणीकडे असतातच!

आणि छत्री घेऊन जाईन. दाराच्या मागेच होती, नाना.

तुमची,
माई