यानिसच्या खांबावरची गुढी

८ मार्च, एजवेअर
वही, माफ कर, फार उशीर झाला. जानेवारीनंतर आज उघडतोय. गुडघा दुखत होता असं सांगता येईल, पण तुझ्यापाशी कशाला? लिहायला बसलं की एकच नाव सुचतं आणि ते मला कागदावर नको होतं. मेहमेत. पुढे नुसतं मे. लिहीन. पूर्ण लिहायला हात वळत नाही.

अलॉटमेंटवर, म्हणजे विलायतेत कौन्सिल भाजी लावायला देते त्या जमिनीवर, माझा आणि यानिसचा तुकडा शेजारी. बस गॅरेजमधून रिटायर झालो तेव्हापासून. यानिस सायप्रसचा ग्रीक. तुर्की सैन्य आलं तेव्हा नेसत्या कपड्यांनिशी पळाला, ते मला तोंडपाठ आहे. डिसेंबरात त्याच्या पलीकडचा तुकडा मे.ला मिळाला. तोही सायप्रसचा, पण तुर्क. मला वाटलं, आता जुंपणार. थोडा खूष झालो. भांडण झालं असतं तर यानिस माझ्याकडेच आला असता सांगायला.

उलटंच झालं. दोघे एकाच गावचे निघाले. मे.चा बाप यानिसच्या बापाच्या दुकानासमोरचा न्हावी. मे.चं घर तर यानिसच्याही आधी पळालं होतं, ग्रीक बंदूकवाल्यांच्या भीतीने. हे यानिसने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मे.शी मात्र तासन्‌तास तेच. गावच्या ग्रीकमध्ये. मी फ्लास्क घेऊन शेजारी, म्हणजे असून नसल्यासारखा.

११ मार्च
मी चुकून 'टर्किश कॉफी' म्हणालो की यानिस तडकायचा. "ग्रीक, रे वसंत, ग्रीक!" आज मे.ने घरून करून आणली. यानिसने गाळासकट संपवली. मी मुद्दाम विचारलं, ही कुठली कॉफी? दोघे एकदम म्हणाले, "आमची." आणि हसत सुटले.

तो 'रे'सुद्धा. त्यांच्याकडेही रे म्हणतात, आपल्यासारखंच. यानिस मला 'रे वसंत' म्हणायचा तेव्हा वाटायचं, हा शब्द आमच्या दोघांत आहे. आता दिवसभर रे मेहमेत, रे मेहमेत.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "अहो, या वयात सवत आल्यासारखं काय करताय?"

१४ मार्च
यानिसने झेंडा उतरवला. शेडवरचा निळापांढरा, ग्रीक. वाऱ्याने फाटला तेव्हा सौ.ने मशीनवर शिवून दिलेला. मे.ने मागितलं नव्हतं. यानिसचं म्हणणं, दोन तुकडे झालेलं बेट एक व्हायचं तर कुणीतरी आधी खाली घेतला पाहिजे.

आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत काही लावायची परवानगी नाही, म्हणून आमची गुढी दरवर्षी यानिसच्या त्याच खांबावर. पाडव्याला तो स्वतः झेंडा काढून बाजूला ठेवायचा, खांब धरायचा, गडू उलटा घालायचा. कडुनिंब मिळत नाही, तर त्याच्या झाडाची तमालपत्राची डहाळी. माझ्यासाठी वर्षातून एक दिवस उतरायचा. मे.साठी कायमचा उतरला.

१९ मार्च, पाडवा
यानिस आला नाही. विसरला. दोघे तिकिटांच्या चौकशीला गेले होते. ईस्टरला गावी जायचं म्हणे, दोघांनी मिळून.

सौ.ने खांब धरला, मी गुढी बांधली. तिचा लाल खण, साखरेच्या गाठी, गडू. ती गारठली म्हणून घरी गेली. वारा फार. खण नुसता फडफडत होता.

समोरच्या तुकड्यातला म्हातारा आला, यानिसच्या ग्रीक क्लबातला. लांबून फोनवर फोटो काढला. मग ओरडला, "यानिसच्या खांबावर लाल कुणी लावलं? त्या तुर्काने?" तुर्कांचा झेंडा लाल असतो.

मी म्हणालो, "मला काय माहीत."

एवढंच. बोटाला हळद होती माझ्या. का म्हणालो? संध्याकाळी गुढी उतरवून पिशवीत घालून घरी आणली. जेवण गेलं नाही. सौ.ने श्रीखंड केलं होतं.

२२ मार्च
फोटो क्लबभर फिरला. यानिसला फोन येतायत, गद्दार म्हणतायत. मे.च्या शेडच्या दारावर कुणीतरी निळा रंग ओतला. मे. म्हणतो, मी काही लावलेलं नाही. कुणाला पटत नाही.

मी आज गेलोच नाही तिकडे. गुडघा.

२४ मार्च
यानिस घरी आला. चहा घेतला नाही. फोन सौ.पुढे धरला. तिने चष्मा लावला आणि आनंदाने म्हणाली, "अहो, ही आपली गुढी! माझा खण!"

मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चष्मा काढला.

यानिस म्हणाला, "ते उलटं भांडं दरवर्षी मी घालतो, रे वसंत. फोटो बघताक्षणी ओळखलं. तू कधी बोलतोस ते बघत होतो."

मी म्हणालो, तू पाडवा विसरलास. तो म्हणाला, "हो, विसरलो. त्याबद्दल मला शिवी द्यायची. त्याच्या दारावर रंग कशाला?"

तो गेल्यावर सौ. एवढंच म्हणाली, "उद्या क्लबात जाऊन या."

२५ मार्च
गेलो. पिशवीत खण, गडू, गाठी. हॉलमध्ये पत्ते खेळत बसलेले सगळे. टेबलावर मांडून सांगितलं, हे आमचं नवीन वर्ष, हा आमचा सण, तुर्काचा संबंध नाही. फोटोवाल्या म्हाताऱ्याने खण हातात घेऊन उलटासुलटा बघितला. एक गाठी तोंडात टाकली. चघळत म्हणाला, "गोड आहे. मग त्या दिवशी का नाही बोललास?"

मी गडू परत पिशवीत घातला. कुणी हसलं नाही, तेच वाईट.

२९ मार्च
दोघे शहरात निघाले होते, बेट एक करा म्हणणाऱ्यांच्या सभेला. दोन्हीकडचे लोक, दोन्हीकडचे झेंडे. मला विचारलं नाही. फाटकापाशी गाठून मीच म्हणालो, मीही लहानपणी झेंडा घेऊन बोंबललोय, बेळगावात. आमच्याकडेही तेच. एकाचा भगवा, दुसऱ्याचा लाल-पिवळा, आणि भाजी एकाच बाजारात.

मे.ने विचारलं, "कन्नड दोस्त होता कुणी?"

"होता. ईरण्णा. एकाच बाकावर बसायचो."

"फोन करतोस त्याला?"

मी म्हणालो, तिकडे रेंज नसते.

मे. हसला. यानिस नाही. मे.ची मी माफी मागितली तेव्हा तोच म्हणाला, "दार जुनंच होतं, अंकल." मला अंकल म्हणतो! चार-पाच वर्षांनी लहान असेल. असा चांगला वागतो की नीट रागही धरता येत नाही.

७ एप्रिल
गेले. टॅक्सीत बसण्याआधी यानिस आमच्याकडे थांबला. शेडची चावी सौ.च्या हातात दिली. दरवर्षी सुट्टीला जाताना माझ्या हातात द्यायचा. तिलाच सांगितलं, टोमॅटोच्या रोपांना रोज पाणी, थंडी पडली तर झाकायचं. मी जवळच उभा होतो.

विचारलं, परत कधी? म्हणाला, "बघू." तारीख सांगितली नाही. बापाचं घर अजून उभं आहे, त्यात दुसरे लोक राहतात. तिथे कॉफीला बोलावलं तर बसेन म्हणतो. आणि राहावंसं वाटलं तर? हे विचारायचं राहिलं. विचारलं नाही, असं लिहायला पाहिजे.

९ एप्रिल
सौ. म्हणते चावी तुम्हीच ठेवा. नाही घेतली. रोज तिच्याकडून मागून नेतो, संध्याकाळी परत देतो. पोहोचल्याचा मेसेज नाही. विमान वेळेवर उतरलं, शेजारच्या मुलीने फोनवर बघून सांगितलं.

१३ एप्रिल
काल त्यांचा ईस्टर झाला. गावचं चर्च बंद पडलंय, तरी पायरीवर मेणबत्ती लावणार होते, दोघे. लावली का, कळलं नाही. उगाच मनात येतं, पोलिसांनी सरहद्दीवर अडवलं असेल. मग येतं, तसं काही नाही, मजेत कॉफी पीत बसले असतील आणि माझी आठवणही नसेल. दुसरंच जास्त लागतं.

दोघांच्या तुकड्यांना पाणी घातलं. मे.च्या दाराचा निळा रंग खरवडून काढतोय, खालचं लाकूड चांगलं निघालं. पॉलिश कुठलं लावू, ते त्यालाच विचारावं लागेल. खांब रिकामा आहे. कबुतर बसतं त्यावर.

आता मेसेज लिहिला. सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, एकाचंच नाव आहे. मग दुसरं घातलं. इथे तसाच उतरवतो:

'यानिस, मेहमेत, रोपं जगली आहेत. घर बघितलंत का? आत घेतलं का त्यांनी? फोटो पाठवा. मेहमेतचा असला तरी चालेल, पण आधी तुझा, रे यानिस. परत येणार ना? एक ओळ लिही, पण लवकर कळव.'