भुरीला ऐकू येतं ते

६ जाने., सोम.
नाटकाचं चौथं गाणं आज उरकायचं ठरवलं होतं. नाही झालं. मी माइक सुरू केला की भुरी पेटीवरून उठते, कान मागे पाडते आणि सरळ खोलीबाहेर. आज सलग तिसरा दिवस. एरवी तासभर एकच ओळ घासत बसले तरी हलत नाही. मांजराचं एवढं मनाला का लावून घेतेय मी? पण घेतेय.

९ जाने.
मेघनाचा फोन. नाटक तीच बसवतेय. "अगं वैजू, पाठवलेल्या तिन्ही गाण्यांत बारीक शिट्टी आहे मागे. डोकं उठतं ऐकून."
म्हटलं, तुझे स्पीकर बिघडले असतील. चिडून बोलले. मग तिन्ही गाणी हेडफोन लावून सात-आठ वेळा ऐकली. काही नाही. स्वच्छ.

१० जाने.
खाली घरमालकीण कमलकाकू पावटे सोलत होत्या. त्यांच्या कानाला हेडफोन लावले.
"येतीय की गं शिट्टी. लांब कुठं कुकर वाजावा तशी. तुला नाय येत ऐकू?"
"येते ना."
खोटं. इतकं पटकन कसं आलं तोंडात.
वर येऊन एकेक वायर काढत गेले. नेरळ स्टेशनजवळून माइकसाठी नवा अ‍ॅडॉप्टर आणला होता, तो काढला तशी भुरी आत आली. लावला, गेली. काढला, आली. पाच वेळा केलं. सहाव्यांदा हात होईना. जमिनीवरच बसले. ती येऊन मांडीवर बसली.

१३ जाने., सोम.
कर्जतला कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं अजून सुरू केलं नसेल. बाहेर आले तर कागदावरची रेघ उजवीकडे दरीत उतरावी तशी उतरलेली. दोन्ही कान. डावा जास्त.
"हेडफोन किती वर्षं?"
"बावीस."
मशीन लावून बघा म्हणाले. बघते म्हटलं. स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या. घरी जाऊन काय करायचं ते कळेना.

१४ जाने.
संक्रांत. काकूंचा तिळगूळ. दिवसभर तानपुरा. सूर लागलाय की लागल्यासारखा वाटतोय? हा प्रश्न आजवर कधीच पडला नव्हता. आता प्रत्येक स्वराला पडतो. पेटी उघडली, मिटली. भुरीला उगाच ओरडले.

१६ जाने.
भुरी कालपासून नाही. माथेरानच्या रस्त्यापर्यंत हाका मारत गेले. टॅक्सीवाल्यांना विचारलं. घराभोवती किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. जेवण नाही.

१७ जाने.
सापडली. काकूंच्या मागच्या खोलीत, भाताच्या पोत्यांमागे कोंडली गेली होती. त्या बंद दारासमोर उभी राहून मी हाका मारत होते. दोन दिवस गावाला गेलेल्या काकू अंगणातून आल्या. "अगं, तुझ्यासमोरच तर वरडतीय ती! घसा बसलाय पार तिचा."
काकूंनी कडी काढली, भुरीला उचलून माझ्या हातात दिली. मग माझ्याकडे नीट पाहिलं.
"कवापासून गं?"
"माहीत नाही."
"आमच्या ह्यांचं बी असंच झालं होतं, भाताच्या गिरणीत. कुणाला सांगितलं नाय. नुसते डाफरायचे सगळ्यांवर. आमी म्हणायचो, माणूस बदलला."
वर आले आणि रडले. दोन दिवस ती दाराआडून मला उत्तर देत होती.

१८ जाने.
मेघनाला फोन करून सांगितलं. एका दमात. मध्ये थांबले असते तर परत खोटं बोलले असते.
ती म्हणाली, "शिट्टी मी काढून घेते कुणाकडून तरी. तो प्रश्न नाही. वैजू, रेकॉर्डिंग नकोच. प्रयोगात तूच बस पेटी घेऊन. स्टेजवर, कोपऱ्यात."
पंधरा वर्षं झाली लोकांसमोर बसून. या खोलीत मी आले ती तेच टाळायला. इथे चुकलं तर पुसता येतं.
"सोमवारपर्यंत सांग," म्हणाली.

२० जाने., सोम.
डॉक्टरांनी मशीन आठवडाभर वापरायला दिलंय. घरी येऊन लावलं. पंख्याची कुरकुर, पिशवीची चुरचुर, माझ्याच चपला. सगळं अंगावर येतं. गाऊन पाहिलं. पत्र्याच्या डब्यात दुसरीच कुणी बाई गातेय. काढून ठेवलं. परत लावलं. भुरी पाणी पीत होती, लपलप लपलप. हा आवाज किती वर्षांनी. बघत बसले ती पिऊन संपेपर्यंत.
संध्याकाळी मेघनाचे दोन मिस्ड कॉल. पेटी उघडी आहे समोर. तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.