निळ्या मातीखालचं सोनं

औघ्रिम, १२ मे १९९४

चि. नोरीनला,
अनेक आशीर्वाद. तुला नदीत सोन्याचा खडा सापडला, हे मला चर्चच्या पायरीवर मिसेस टूलींकडून कळावं? वाटाण्याएवढा आहे म्हणे. वर मलाच विचारतात, "तुम्ही पण जाता ना हो नदीवर?"

तू जन्मात एकदा पाण्यात उतरलीस, तीही माझ्याच खड्ड्यात! मी वाळू गाळायला बसले की "ताई, परात विसळतेस का?" म्हणून खिदळणारी तूच ना? ग्रानियाची धर्ममाता झाले, तेव्हापासून तिच्या लग्नाच्या अंगठीसाठी कण कण वेचून बाटलीत साठवतेय. आता पोरगीही तुझी आणि सोनंही तुझंच? सगळं तुलाच कसं गं मिळतं?

तुझा खडा त्या अंगठीत चालणार नाही.

तुझी (अजून तरी)
डिंप्नाताई

आर्कलो, १६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. मीच येऊन सांगणार होते. तुझ्यासाठी मनुकांचा पाव भाजेपर्यंत टूलीबाई पोचल्या.

खड्डा तुझाच, कबूल. पण निळी चिकणमाती लागली की तू तळ आला म्हणून थांबतेस. मला अडाणीला काय कळतंय? मी माती फोडत गेले. खाली खरा खडक निघाला आणि त्याच्या भेगेत हा खडा.

ग्रानिया म्हणते, मावशीचं सोनं नसेल तर दुकानातली अंगठी घेईन. सोनार म्हणतो, नुसत्या बाटलीतल्या कणांची अंगठी होत नाही. दोन्ही एकत्र वितळवू या ना गं?

रागावलीस तरी माया तशीच ठेव.
तुझी नोरीन

औघ्रिम, १९ मे

चि. नोरीनला,
आशीर्वाद, हात आखडता घेऊन. इतकी वर्षं त्या मातीलाच तळ समजून गुडघे गारठवले! काल जाऊन मीही फोडली. खाली फक्त तुझ्या फावड्याच्या खुणा. सगळं खरवडून नेलंस, भवाने.

रविवारी बाटली घेऊन येते. पण एकत्र वितळवायचं नाही. मिसळलं की जो तो तुझ्याच वाटाण्याचं कौतुक करणार. सोनाराला अंगठीचे दोन थर करायला सांग. बाहेरचा तुझा, टूलीबाईंना दिसायला. आतला माझा, पोरीच्या बोटाला लागणारा.

लोभ आहेच, वाढवण्याइतकी तू अजून चांगली वागलेली नाहीस.
ताई