हुपरीच्या काकूंचा ओटीपी

१६ ऑक्टोबर

आज हुपरीच्या विजयमालाकाकू आमच्या शेअर दलालीच्या ऑफिसात आल्या. जिना चढताना दर दोन पायऱ्यांना थांबत होत्या. सगळा जन्म मांडी घालून पैंजणाच्या कड्या जोडण्यात गेला, गुडघ्यांची पार वाट लागली आहे. ऑपरेशन ठरलंय. नवऱ्यानं मागं ठेवलेले सगळे शेअर विकायचे म्हणून आल्या होत्या. बापूसो सर म्हणाले, सणाच्या तोंडावर लक्ष्मी घराबाहेर काढू नये, पाडवा होऊ दे. काकू खुर्चीतून हलल्या नाहीत. मग मीही शहाणी! "राहू दे की काकू, आठवड्यानं काय बिघडतंय?" म्हटलं. तशा त्या लगेच उठल्या.

१७ ऑक्टोबर

सरांनी काकूंचा ओटीपी घ्यायला सांगितला. हे माझं रोजचंच काम. ग्राहकाला फोन लावायचा, नंबर आला काय विचारायचं, आला की सरांना सांगायचा. कशासाठी ते ग्राहक विचारत नाहीत. मीही विचारत नाही. काकूंनी चष्मा शोधून एकेक आकडा सावकाश वाचला, आणि वर माझ्या आईच्या दम्याची चौकशी केली.

२० ऑक्टोबर

काकूंचं खातं सहज उघडून बघितलं. त्या ओटीपीवर सरांनी काकूंचे शेअर तारण ठेवलेत! त्या जोरावर काकूंच्याच नावानं चांदीचा सट्टा केलाय. तेव्हापासून चांदी पडतेच आहे. जन्मभर चांदी घडवणाऱ्या बाईला याचा पत्ताही नाही.

२१ ऑक्टोबर – लक्ष्मीपूजन

मुहूर्ताचे सौदे. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, खुर्च्या कमी पडल्या. काकूंनी शकुनाचा एक शेअर घेतला. मी पेढे वाटत फिरले. सरांना बाजूला घेऊन बोलायचं होतं, जमलं नाही. जमलं नाही कसलं – धीर झाला नाही.

२२ ऑक्टोबर – पाडवा

सरांच्या घरी गेले, कसबा बावड्याला. आधी गोड बोलले. चांदी वर आली की सगळं जिथल्या तिथं ठेवतो, म्हणाले. मी म्हटलं, काकूंना आजच सांगा. तेव्हा चहाचा कप खाली ठेवला.

"नंबर कुणाच्या फोनवरनं मागितला, संयोगिता? माझ्या न्हवं. तुझ्या."

राग त्यांचा येतोय की माझा, तेच कळत नाही.

२३ ऑक्टोबर – भाऊबीज

सकाळीच मुंबईच्या मुख्य ऑफिसनं तोटा भरून घ्यायला काकूंचे तारण शेअर विकून टाकले. सगळे. आता कुठलं ऑपरेशन!

दुपारी काकू आल्या, ओवाळणीचं ताट घेऊन. नवरा गेल्यापासून दर भाऊबीजेला त्या सरांना ओवाळतात. सरांनी मान पुढे करून टिळा लावून घेतला. ताटात साडी ठेवली. मला किळस आली.

निघताना काकूंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "कसला मेसेज आलाय बघ की बाई. चष्मा घरातच ऱ्हायलाय."

शेअर विकल्याचा मेसेज. सर दारातच उभे होते.

दिवाळीच्या शुभेच्छा आहेत, म्हटलं मी. असं म्हटलं! काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि रेलिंग धरून जिना उतरायला लागल्या.

२४ ऑक्टोबर

ऑफिसला गेले नाही. सरांचे फोन येतायत, उचलत नाही. उद्या हुपरीला जाऊन सगळं सांगणार. पुढं काय व्हायचं ते होवो.

२५ ऑक्टोबर

दार काकूंच्या मुलीनं, सोनलनं उघडलं. आत ये म्हणाली नाही. तो मेसेज तिनं भाऊबीजेच्या संध्याकाळीच आईला वाचून दाखवला होता.

काकू पाय लांब करून कड्या जोडत होत्या. मी दारातूनच सगळं सांगितलं. रडले. तक्रार करा, सरांविरुद्ध मी साक्ष देते, म्हटलं. त्यांनी काम थांबवलं नाही, वर बघितलंही नाही.

"बापूसोनं मागितला असता तर नंबर दिला नसता मी. त्याला निस्तं ओवाळायची. भरवसा तुझ्यावर हुता."