खिंडीतली शेगडी

इराण (गावाचं नाव लिहाले मनाई)
ता. ४ डिसेंबर १९४२

चि. कुंदास, देवीदासचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी अन् तुझे मालक, दोघंही धड आहो. महादेवरावांचं पत्र निराळं येईल. नवरा-बायकोच्या पत्रात मेहुण्यानं तोंड घालू नये म्हणतात.

अकोल्याच्या जिनिंगात कापसाच्या लॉऱ्या हाकणारे आमी इथं फौजेतही लॉऱ्याच हाकून राहिलो. पण इथल्या थंडीत डिझेल तुपावानी थिजते, नळीतून उतरतच नाही. मुक्कामाले रेडिएटरचं पाणी काढून टाकलं नाही तर त्याचा बर्फ होऊन लोखंड तडकते. महादेवरावांनी तोड काढली. इंजिनाखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, वरून जमिनीलोक ताडपत्री सोडायची. मग इंजिन बोलाले लागते.

सुभेदाराचा हुकूम आहे, जी लॉरी सुरू होणार नाही ती खिंडीत सोडून पुढं निघायचं. वळणावर अशा काही लॉऱ्या उभ्या आहेत, टपापर्यंत बर्फात. तिथून जाताना कोणी गाणं म्हणत नाही.

मायले दंडवत. लोभ आहेच, तो इथल्या डिझेलसारखा थिजू देऊ नको.

तुझा भाऊ
देवीदास

---

अकोला, ता. ९ जानेवारी १९४३

ती. देवीदासभाऊंस, कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. मोर्णा नदीकाठच्या मळ्यात मेथी-वांगे भरपूर आहेत. तुमच्या वाटणीचं भरीत माय शेजाऱ्यायले वाटून राहिली.

पण ते शेगडीचं वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. मागं शेजारच्या गंगूबाईच्या बाळंतीण लेकीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खोलीचं दार लावलं होतं. दार तोडलं तवा बाळंतीण बेसुद होती. वैद्य म्हणाले, कोंडलेल्या निखाऱ्याची हवा माणसाले कळू न देता मारते. आमच्या यायले सांगा, ताडपत्रीखाली स्वतः बसू नका. त्यायचा सोभाव मले माहीत आहे. शेगडी विझंल म्हणून राखत बसतील.

हे पत्र लवकर पोचो. माया राहू द्या.

तुमची
कुंदा

---

इराण, ता. १२ फेब्रुवारी १९४३

चि. कुंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इकडं सर्व ठीक. महादेवरावांच्या बोटांना थंडीनं भेगा पडल्या, म्हणून त्यांचा मजकूर मीच लिहितो. सौ. कुंदा हिने तब्येत सांभाळावी, काळजी करू नये, असं ते कळवतात. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

तुझा भाऊ
देवीदास

---

अकोला, ता. १५ मार्च १९४३

ती. भाऊंस, कुंदाचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. सौ. कुंदा असं त्यायनं मले कधी लिहिलं नाही. बोटाले भेगा पडल्या तर आंगठा उमटवता आला असता. अन् तुमी मायले दंडवतसुद्धा लिहाले विसरले.

माय म्हणते, वाईट झालं असतं तर सरकारची तार आली असती. म्हणजे ते जिते आहेत. मग तुमी लपवून काय राहिले? माझ्या गळ्याची आण आहे, खरं लिहा. मी रडीन, पण उभी राहीन.

कुंदा

---

इराण, ता. १८ एप्रिल १९४३

चि. कुंदास आशीर्वाद. वि. वि.

ऐक. जानेवारीत खिंडीत बर्फ पडला अन् ताफा सकाळपासून अडकला. महादेवराव म्हणाले, तू फावडं घेऊन रस्ता मोकळा कर, मी आपल्या दोन्ही लॉऱ्यांची इंजिनं गरम ठेवतो. वारं जहरी होतं, शेगडी विझत होती. ते ताडपत्रीखाली शिरून आतून कडा दाबून बसले. दुपारी रस्ता सुटला. मी येऊन हँडल मारलं अन् लॉरी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. हाका मारल्या, तर ते बाहेर आले नाहीत. ताडपत्री फेकली तर चेहरा लालबुंद, मले वाटलं झोपले.

तुझं पत्र त्यानंतर आलं.

दवाखान्यात कितीक दिवसांनी डोळे उघडले. चालतात, जेवतात. पण मले ओळखत नाहीत. कुंदा कोण विचारतात. तुझं पत्र वाचून दाखवलं तर शांतपणे ऐकलं अन् म्हणाले, बाई चांगली दिसते, तिचा माणूस कुठं आहे? डॉक्टर म्हणतात, आठवण परत येईल असं सांगता येत नाही. हात कधी एकाएकी कापाले लागतील, राग अनावर होईल, तयारी ठेवा.

त्यायले घरी पाठवून राहिले. मले सुट्टी नाही, सोबत शिपाई येईल. तू मायजवळच राहा. तुले कोणी नावं ठेवणार नाही.

देवीदास

---

अकोला, ता. २० मे १९४३

ती. देवीदासभाऊंस, कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून पहिल्यांदा रडली, मग मळ्यात जाऊन पाणी दिलं. तेल्हाऱ्याहून सासूबाई येऊन गेल्या. त्याही म्हणाल्या, तू माहेरीच राहा, आमी पोराले पाहून घेऊ. मी नाही म्हणाली.

ठेसनावर मीच जाईन. शिपायाले कळवा, ही तुमची बायको असं त्यायले सांगू नका. घाबरतील. घरची माणसं आली म्हणा, पुरे. राग येईल तवा काय करायचं ते मले माहीत नाही. भेव वाटते. खोटं कशाले लिहू.

पण भाऊ, लग्नात आंतरपाट दूर झाला तवाही त्यायनं मले पहिल्यांदाच पाहिलं होतं. ओळख मंग झाली.

तुमी स्वतःले जपा. लोभ आता त्यायच्या वाटणीचाही तुमीच करा.

तुमची बहीण
कुंदा