दोन काठ्यांचा तंबू

३ डिसेंबर, दुपार
दुकानातून

प्रिय तायडे,

धाकटीचा वाकून नमस्कार. कमरेतून वाकले आहे. गुडघ्यांचा विषय आज काढायचा नाही, असं मी लिहायला बसतानाच ठरवलंय.

इकडे सगळे मजेत. आमचे हे पोस्टात पार्सलच्या खिडकीवर दिवसभर लोकांची खोकी तोलतात आणि घरी आले की माझी अक्कल तोलतात. दुकान बरं चाललंय. थंडी पडली की लोकांना जाड पडद्यांची आठवण होते. कालच एका दातांच्या डॉक्टरांचे सात पडदे पूर्ण केले. तू ठीक आहेस, हे तुझ्या लेकीकडून कळतं. माझी आधीची तीन पत्रं पोचली, हेही तिनंच सांगितलं. असो.

खरी बातमी वेगळीच आहे. मी तंबू शिवलाय!

हसू नकोस. बाबांचा तो ताडपत्रीचा अकरा किलोचा राक्षस मी माळ्यावर टाकला. त्याच्या जागी हा नवा, बाजारात ज्याला पॅराशूटचं कापड म्हणतात त्याचा. मधोमध एकच काठी आणि भोवती शंकू. खाली या कडेपासून त्या कडेपर्यंत सात फूट, म्हणजे आपल्यासारख्या दोन पाच-पाच फुटी बायका काठीच्या दोन बाजूंना आरामात मावतील.

अर्धवर्तुळ गुंडाळलं की शंकू होतो, हे मी सातवीत असताना तूच मला कागदाचा पुडा करून शिकवलं होतंस. तुझा पुढचा सगळा गणिताचा धंदा माझ्यावर सराव करूनच उभा राहिला, हे तुझ्या शाळेतल्या मुलांना कुणी सांगितलं का? तर मी खिळ्याला सात फूट सुतळी बांधली, दुसऱ्या टोकाला खडू, आणि घेतला फेरा मारायला. पण जित्याची खोड म्हणतात ती अशी. तीस वर्षं पडदे शिवतेय. खिडकी चार फुटांची असली की माझा हात आठ फूट कापड घेतो. चुण्यांसाठी दुप्पट! अर्ध्यावर थांबायचं सोडून मी फेरा पुरा केला आणि अख्खं वर्तुळ कापून मोकळी झाले. शिवून उभा केला तर सगळीकडे चुण्याच चुण्या. हे अंगणात आले, दोनदा भोवती फिरले आणि म्हणाले, "अगं, हा तंबू आहे की खिडकी हरवलेला पडदा?"

मग उसवला आणि मधून कापला. दोन अर्धवर्तुळं झाली. तेव्हा ह्यांनी आणखी एक सल्ला दिला. "दोन तंबू शिव. एकेकीला एक. भांडणच नको."

मी त्यांना सरळ अंगणाबाहेर काढलं.

दुसऱ्या अर्ध्याचं मी आतून अस्तर लावलं. पडदेवाली मी, अस्तराशिवाय मला चैन कुठली पडायला? आणि त्याचा उपयोगही झाला. आत बसून वाफाळतं पातेलं ठेवून बघितलं तर वाफेचं बाहेरच्या कापडाला लागून पाणी होतं, ते अस्तरावरून कडेला ओघळतं, अंगावर पडत नाही. वर शेंड्याला वाफ जायला भोक ठेवलंय, त्यावर टोपी. खुंट्या नाहीतच. कडेला आठ छोट्या पिशव्या शिवल्यात, त्यांत तिथलाच बर्फ भरायचा आणि बर्फातच पुरायच्या. काल दुपारी मी आत आडवी झाले ती चांगली घोरायलाच लागले. शेजारचे सुतारबुवा बाहेरून विचारतात, "इथं भविष्य सांगतात का हो?"

सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दर वर्षीप्रमाणे आपला तंबूतला मुक्काम जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे. चढावरच्या त्या गोठलेल्या तळ्यापाशी. इतकंच कळवायचं होतं.

तुझी,
पडदेवाली


१० डिसेंबर

तायडे,

मागचं पत्र परत आठवून बघितलं. त्यात पडदे, पिशव्या, पातेलं, सगळं होतं. जे लिहायला बसले होते तेवढं नव्हतं. आता ह्या पार्सलबरोबर लिहिते, म्हणजे टाळता येणार नाही.

मागच्या जानेवारीत चढावर तू पाचव्यांदा थांबलीस, तेव्हा मी म्हणाले, "तुला आणायचं म्हणजे बाबांच्या तंबूपेक्षा जड काम आहे." गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तुला पाच महिने झाले होते. तू तशीच वळलीस आणि खाली गाडीपर्यंत एकदाही न थांबता चालत गेलीस. मी मागून अकरा किलो पाठीवर घेऊन. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस, आणि खरं सांगते, मी तुझ्या जागी असते तर पार्सलही उघडलं नसतं.

मी मनाशी म्हणत आले, की चूक तुझीच. डॉक्टरांनी दिलेली काठी तू कपाटामागे टाकलीस, "काठी म्हाताऱ्यांना" म्हणालीस, मग चढावर रडकुंडीला येणारच. अकरा महिने हे घोकलं. पण तो तंबू माळ्यावर चढवताना तिसऱ्या पायरीवर मला दम लागला आणि सगळं आठवलं. तायडे, त्या दिवशी तू थांबायचीस ना, ते मला हवं असायचं. प्रत्येक वेळी मी मनात "सुटले" म्हणायचे. पाचव्या वेळी तू थांबली नसतीस तर मीच बसले असते. दम मला लागला होता. कबूल करायची लाज वाटली आणि ते मी तुझ्या गुडघ्यावर ढकललं. ह्यांनासुद्धा मी हे सांगितलेलं नाही.

माझं चुकलं. फार चुकलं.

सोबत तंबू पाठवतेय. ह्यांनी खिडकीवर तोलला, नऊशे पन्नास ग्रॅम भरला. ह्यांचा विश्वास बसेना, त्यांनी काटा तपासला. तंबू तुझ्या पिशवीत घाल, तूच आण. कुणी कुणाला वाहून नेतंय असं यंदा होणार नाही.

आता एक अडचण. त्याला काठी नाही. अंगणात मी पडद्याच्या दांड्यावर उभा केला होता, पण तो दांडा त्या दातांच्या डॉक्टरांचा होता, काल त्यांच्या खिडकीला गेला. सहा फुटांची काठी लागते. सुतारबुवांकडून मी मूठ सोडून तीन फुटांची एक चालायची काठी करून घेतलीय, स्वतःसाठी. हो, म्हातारी झाले मी. तिची मूठ फिरवून निघते. तुझ्या कपाटामागच्या काठीचीही निघते आणि तीही तीन फुटांची आहे, तुझ्या लेकीनं गुपचूप मोजून कळवलं. तिला रागावू नकोस. दोन्ही मुठी काढून मधे नळी घातली की झाला खांब. तुझी खाली, माझी वर.

नळी माझ्याकडे आहे. तंबू तुझ्याकडे. तू आली नाहीस तर माझ्याकडे एक काठी आणि एक नळी उरेल, आणि तुझ्याकडे चुण्या नसलेला पडदा.

तुझी,
दम लागलेली धाकटी


१७ डिसेंबर

चि. पडदेवालीस,

तंबू पोचला. शिलाई सरळ आहे, गणित वाकडं. तिरकी बाजू सात फूट आणि तळाचा व्यास सात फूट असेल तर उंची सहा फूट येत नाही, सहा फूट पाऊण इंच येते. सातवीतही तू शेवटची पायरी गाळायचीस.

मी काठीच्या खालच्या टोकाला रबरी बूच बसवून आणलं. बरोबर पाऊण इंचाचं. बूच पक्कं बसलंय का, हे बघायला काल ती टेकत बाजारापर्यंत जाऊन आले. ओळखीचे दोघं भेटले, दोघांनीही म्हातारी म्हटलं नाही. एकानं वाट मात्र दिली.

तुझं ते वाक्य मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण त्या दिवशी खाली उतरताना मागून तुझी धाप मला ऐकू येत होती. मी मुद्दाम थांबले नाही. तेव्हा ते "माझं चुकलं" माझ्याकडूनही तेवढंच धर.

दुसऱ्या शनिवारी सकाळी सातला चढाच्या पायथ्याशी. नळी विसरू नकोस. आणि चढावर थांबे मोजायचे नाहीत. प्रत्येक ठिकाणी आधी तू बसायचंस, मग मी.

तुझी,
थांबत थांबत येणारी तायडी